नावाआधीचा शब्द

बाबांना जाऊन महिना झाला. आज त्यांच्या दवाखान्याच्या दाराला रंग देताना ऑइलपेंटचा वास आला आणि मन पौडच्या चौकात गेलं. पद्मश्री घेऊन बाबा दिल्लीहून परतले, त्या दुपारी.

धरणापलीकडच्या वाड्यांवर होडीने जाऊन त्यांनी आयुष्यभर औषधपाणी केलं होतं. गावाने चौकात मोठा फलक रंगवून घेतला होता आणि त्यांच्या नावाआधी 'पद्मश्री' लिहिलं होतं. हार घालून घेण्याआधीच बाबांनी तो शब्द पुसायला सांगितला.

"हा सन्मान आहे, पदवी नाही. नावाला जोडायचा नाही, असा नियम आहे."

सरपंचांचा चेहरा उतरला. "आवो डॉक्टर, हितं वाढदिवसाला पोरं सवताला सम्राट म्हणवून घेत्यात. तुमचा तर खरा मान हाय!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

पेंटरने शब्दावर पांढरा रंग फिरवला. गर्दी हिरमुसली. बाबांनी सगळ्यांचा आनंद घालवला, असं तेव्हा मलाही वाटलं. तो सन्मान ते किती जपत होते, हे आता कळतं.

तेवढ्यात पलीकडच्या वाडीवरून आलेल्या ठकूबाई पेंटरवर खेकसल्या, "बगतुयास काय नुस्ता? जागा हाय तर लिव्ह की, आमचं डॉक्टर!"

त्याने तसंच लिहिलं. एरवी फोटो म्हटलं की बाजूला होणारे बाबा त्या ओल्या अक्षरांखाली जाऊन ताठ उभे राहिले.

"आता काढा," ते म्हणाले.