भिंतीवरची नाडी

संस्थेत त्याला सगळे रेघोट्या म्हणत. माणसांच्या हृदयाचे ठोके, झोप, ताप यांच्या दिवसभराच्या नोंदी घेऊन तो पडद्यावर रेघा उमटवायचा. नुसत्या रेघा नव्हेत. बोट मागे सरकवलं की कालची दुपार हजर, दोन बोटं ताणली की त्या दुपारचं एकेक मिनिट मोठं होऊन समोर. काम नामी, पण माणूस भिडस्त. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती याच्याकडे कायमची मुक्कामाला होती.

पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा दाखवायला चालू नोंद नव्हती. रुग्णांची तर गुप्त ठेवायची. म्हणून त्याने आपल्याच मनगटावर ठोके मोजणारा पट्टा चढवला. पाहुणे खूश झाले, आणि तेव्हापासून दालनातल्या भिंतीवर याची नाडी चव्हाट्यावर आली. पट्टा काढला की रेघ तुटायची आणि मॅडमचा फोन यायचा, बरा आहेस ना?

मॅडम संस्थेच्या प्रमुख. फार मायाळू. खडूस असत्या तर तो केव्हाच सुटला असता.

बायको आणि लेक दुसऱ्या गावी होत्या, बायकोच्या नोकरीपायी. तिथल्या इस्पितळात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. इथे राजीनामा द्यायचा, एवढंच राहिलं होतं. पण तो मॅडमच्या खोलीकडे निघाला की रेघ ताडकन वर जायची, आणि मॅडमच्या टेबलावरही तोच पडदा होता. तो दारात पोचायच्या आत त्या पाण्याचा ग्लास पुढे करत, आज काही बोलू नकोस म्हणत आणि त्याला घरी पिटाळत. बाहेर मित्रमंडळी पैज लावून बसलेली, आज रेघोट्या कुठवर चढतो.

"मग पट्टा काढून जा की," बायको फोनवर म्हणाली.

तसंही करून झालं. रेघ तुटलेली पाहून मॅडम स्वतःच धावत आल्या, मागोमाग अख्खा मजला. एवढ्या माणसांच्या काळजीपुढे राजीनामा कसा काढणार? बायको आधी चिडायची. पुढे ती नुसतं "बरं" म्हणायला लागली, आणि त्याला त्याचीच धास्ती वाटू लागली.

शेवटी इस्पितळाने कळवलं, आज सांगा नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. तो उठला आणि थेट मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. त्यांनी पाण्याला हात लावला नाही. पडदा त्याच्याकडे वळवला आणि बोटाने रेघ मागे नेली. गेल्या वर्षीचे उंच सुळके, मग बुटके, मग नुसते उंचवटे. आजची रेघ सपाट होती.

"बघ, किती रुळलास," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आता बोल निवांत. काय काम होतं?"

रेघ त्याने स्वतः बांधली होती. ती खोटं बोलत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? सांगायचं ते शब्दन् शब्द पाठ होतं. फक्त सांगावंसं वाटत नव्हतं, आणि त्याचं त्याला फार वाईटही वाटेना.

"काही नाही, मॅडम," तो म्हणाला. "सहज आलो होतो."