आईने घरी पोचवलेली पोरं

आमच्या गल्लीत डिशची छत्री लावलेला टीव्ही तेव्हा फक्त आमच्याकडे होता. त्यामुळे हरवलेल्या पोरांची एक मालिका आई दर आठवड्याला बघायची आणि दुसऱ्या दिवशी धानाच्या रोवणीत, चिखलात वाकल्यावाकल्या, बायकांना सांगायची.

पहिला सीझन संपला तेव्हा पाच पोरांपैकी दोनच सापडली होती. मालिकावाल्यांचा मला असा राग आला की मी जेवले नाही. आईने मात्र दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत पाचही पोरं सुखरूप घरी पोचवली, आंघोळ घालून ताटावरसुद्धा बसवली. मी त्याच रांगेत रोपं लावत होते. तोंड उघडणार तोच तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं रोप चिखलात खोचलं.

पुढच्या वर्षी दुसरा सीझन लागला, आणि तोवर आमच्यासोबत रोवणीला येणाऱ्या शेजारणीकडेही टीव्ही आला होता. पहिला भाग बघून ती तरातरा आमच्या अंगणात आली.

"काऊन वं बाई, पोट्टे तं घरी आले होते ना? मंग हे पोलीस अजून कायले शोधून राहिले?"

आई आता चांगली सापडली, म्हणून मी खूश. आई तांदूळ निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"टीव्हीवाल्याईले अजून मालूम नाई पडलं," ती म्हणाली.

 शेजारीण आईच्या बाजूला बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

"पण पोटभर जेवले होते ना पोट्टे?"