अस्वलाचे वर झालेले हात

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. मनोरंजन उद्यानात चित्रित केलेला आमचा मुलांचा जुना टीव्ही कार्यक्रम आता डीव्हीडींच्या संचात निघाला आहे. त्यावरची चाहत्यांची मतं नात मला फोनवरून वाचून दाखवते.

"आबा, सगळ्यांना अस्वलच आवडलंय! हे ऐका, 'दोन्ही हात हलवून ते निरोप देतं, तेव्हा अजून डोळे भरून येतात.'"

निरोप कसला डोंबलाचा! त्या अस्वलाच्या पोशाखात आमचा दत्ताराम होता. मुलांसमोर मुखवटा काढायचा नाही, हा उद्यानाचा नियम. म्हणून जीव घाबरला तर दोन्ही हात वर करायचे, असं आमचं ठरलं होतं. मे महिन्याच्या उन्हात त्याने ते वर केले.

"साहेब, थांबवू?" कॅमेरामनने विचारलं.

दिग्दर्शक मी होतो. म्हणालो, "चालू दे, झकास दिसतंय."

तो कोसळला तेव्हा थांबलो. तेवढं कोसळणं नंतर मीच कापलं.

या लोकांच्या गोड आठवणींचा मला संताप येतो. पण बालपण आठवताना मुखवट्याच्या आत कोण डोकावतं? आणि त्यांना दिसू नये, याची सोय तर मीच केली होती.

दत्ताराम आता नाही. तो कोसळला त्यानंतर दवाखान्यात त्याला भेटायला मी माफीचे शब्द घोकतच गेलो होतो. मला पाहून तो धडपडत उठून बसला.

"साहेब, पोरं हसली का हो?"

"खूप हसली," एवढंच म्हणालो आणि मोसंबी ठेवून निघालो.