जागरणात निजलेल्या आक्का

तिकोणा पेठेहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात कपड्यांच्या घड्या घालत होते. "मामी, आई गेली. ओट्यावर शेंगा सोलत बसलीवती... मान टेकली ती टेकलीच." धाप लागली होती का, असं मी विचारलं. "न्हाई, मामी. रात्री तर चांगली झोपलीवती." मुलांनो, तुमच्या आजोबांच्या या थोरल्या बहिणीला, आक्कांना, झोप किती कष्टाने मिळाली होती, ते तुम्हाला ठाऊक नाही.

मी लग्न होऊन पेठेत आले तेव्हा गावात आक्कांचा मोठा मान होता. कुणाच्याही घरी खंडोबाचं जागरण असो, आक्का उजाडेपर्यंत ताठ बसून. बाया पेंगायच्या, वाघ्याची दिमडी मंदावायची, आक्का मात्र जाग्याच. लोक त्यांच्या पाया पडत. पुढे बऱ्याच वर्षांनी, तांदूळ निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "देवासाठी कुटं बसतीय मी, वैनी? डोळा लागला की छाती आवळती, आत शिट्टी वाजती. म्हून झोपतच न्हाई." जागरण नसेल त्या रात्री त्या भिंतीला टेकून बसत आणि दिवसा शेतात डुलक्या घेत. एकदा अशाच डुलकीत विळ्याने बोट कापलं, तेव्हा मी त्यांना हट्टाने लोणावळ्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी श्वासाचा जोर मोजणारी एक नळी दिली, संध्याकाळी आणि सकाळी जोरात फुंकायची. रात्रभर जागल्या तरी सकाळी तिचा काटा खालीच राही. "मावशी, दम्यात रात्री श्वासनलिका आवळतातच," पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या. "झोपेत जास्त, पण जागून ते टळत नाही. रोज हा औषधाचा पंप घ्या आणि खुशाल झोपा."

"पंपाची सवय लागंल."

"चष्म्याची लागते तशी."

आक्का हसल्या, पण परतताना म्हणाल्या, "झोपाया लागले तर लोक म्हनतील, आक्कीनं देव सोडला." इतक्या वर्षांचा मान... तो सोडणं त्यांना धापेहून जड वाटत होतं. तरी पंप त्यांनी चुकवला नाही.

पुढच्या जागरणात मी शेजारीच होते. कथा रंगात आली आणि आक्का चक्क घोरू लागल्या. वाघ्या थांबला. शेजारची बायजा त्यांना हलवून म्हणाली, "आक्के, देव दारात आलाय अन् तू घोरतीस व्हय?"

आक्कांनी छातीवर हात ठेवला. "घोरतीय न्हवं? शिट्टी तर न्हाई ना वाजत?"

"शिट्टी कसली?"

मग त्यांनी भर जागरणात सगळं सांगून टाकलं. मागून एक म्हातारी खोकत म्हणाली, "त्यो पंप कुटं मिळतो गं?"

तेव्हापासून पेठेत जागरण मांडलं की कोपऱ्यात एक वाकळ अंथरतात, ज्याला झोप येईल त्याने निजावं म्हणून. परवा तिथल्या एका घरी जागरणाला गेले होते. वाकळेवर आक्कांची नात निजली होती, तिलाही लहानपणापासून दमा आहे. वाघ्याने तिच्याजवळून जाताना दिमडी अंगाशी धरली. मी वाकून कान दिला. श्वास सरळ येत होता, जात होता.