कादंबरी, ग्रामीण, मध्यम जाडी

चाकणच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथे वस्तूचं नाव लिहिताना आधी जात, मग गुण, मग माप. ‘बोल्ट, षटकोनी, लांब.’ वाकड ते तळेगाव पट्ट्यातल्या आम्ही काही वाचकांनी ऑनलाइन ग्रंथालय काढलं, तेव्हा पुस्तकांची यादी लावायचं काम मी अक्षरशः हिसकावून घेतलं. पुस्तक ज्याचं त्याच्याच घरी राहणार. मोबाइलवर शोधायचं, कोणाकडे आहे ते बघायचं आणि जाऊन आणायचं.

मी काय केलं? शीर्षकं आतल्या पानावर ढकलली आणि वर लिहिलं, ‘कादंबरी, ग्रामीण, मध्यम जाडी’. ‘कविता, उदास, पातळ.’ मला तर हे पाहून गहिवरून यायचं. वाकडच्या एका सभासदाने फोन केला, “राव, मला पुस्तक पाहिजे, नटबोल्ट नको.”

तक्रारींना जागा म्हणून मी प्रत्येक पुस्तकाखाली शेऱ्याची एक चौकट दिली. लोकांनी तिथे भलतंच सुरू केलं. ‘नवऱ्यावर विश्वास ठेवू नका.’ ‘लोकलमध्ये वाचू नये, स्टेशन चुकतं.’ माझ्या टापटिपीवर हे खरकटं. रविवारी सगळं पुसायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात सासरे बोलले. पक्षाघातानंतर ते आमच्याकडेच होते. एखादाच शब्द यायचा, तोही मोठ्या कष्टाने. बोलतं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आम्हाला कळत नाही म्हटल्यावर ते भिंतीकडे तोंड फिरवत आणि दिवसभर गप्प राहत. त्या दिवशी म्हणाले, “बकरी.”

बायकोने मटण केलं. त्यांनी ताट सरकवलं, पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा तेच म्हणाले.

म्हणजे बकरीचं पुस्तक! मी ऐटीत मोबाइल काढला. माझ्या वर्गवारीत शोधलं. ग्रामीण होतं, सामाजिक होतं, जाड होतं. जनावरांची सोयच मी केली नव्हती. सासरे हळूहळू भिंतीकडे वळायला लागले.

बायकोने माझ्या हातातून मोबाइल घेतला. “अहो, तुमचं राहू द्या. लोकांनी लिहिलंय त्यात बघते.”

शेऱ्यांमध्ये एकच बकरी निघाली. ‘बकरी एसटीत चढते तिथे हसून ठसका लागला. पाणी घेऊन बसा.’ वर माझ्याच हातचं: कादंबरी, ग्रामीण, मध्यम जाडी.

पुस्तक तळेगावच्या एका बाईंकडे होतं. स्कूटरला किक मारली ती त्यांच्या दारातच थांबलो. त्यांनी पारदर्शक कव्हर घातलेलं पुस्तक हातात ठेवलं आणि परत करायची अजिबात घाई नाही म्हणाल्या. मुखपृष्ठ पाहताच सासऱ्यांनी चांगला हात त्यावर ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही.

बायको वाचत गेली. बकरी एसटीत चढली. कंडक्टरने तिचं तिकीट मागितलं आणि सासरे अर्ध्या ओठाने, पण पूर्ण हसले. त्यांना खरंच ठसका लागला. पाण्याचा ग्लास मी आधीच भरून ठेवला होता, सूचनेप्रमाणे.

मग मी मोबाइल पुढे केला. “बाबा, शेऱ्यात काय लिहू?”

ते शब्द शोधत राहिले. आम्ही थांबलो. त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पुन्हा,” ते म्हणाले.

मी तेवढंच लिहिलं. बायकोने पानं मागे उलटली. रविवार आला आणि गेला. आमच्या ग्रंथालयातला एकही शेरा मी पुसला नाही.