मोठ्या बटणांचा चेंजर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. बहिणीजवळ नाही, विहारातल्या बायकांजवळ नाही, शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंजवळही नाही. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर विश्वासच बसला नसता. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात मी कामाची बाई. लग्न असो की मयत, सामानाची यादी लोक माझ्याकडून करून घेतात. मी विसरत नाही. मी चुकत नाही.

म्हणून आधीच सांगते — जे झालं ती चूक नव्हती.

काचबिंदूनं बाबांची नजर गेली. जन्मभर पाटबंधाऱ्याच्या नोकरीत सायकलीनं कालव्यावर फिरलेला माणूस खाटेवर बसून राहू लागला. उरलं फक्त ऐकणं. पूर्वी ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे, भीमगीतांच्या सीड्या घरात भरपूर होत्या. पण सीडी संपली की बदलणार कोण? मी दिवसभर शाळेत. त्यांनी स्वतः चाचपून बदलायचा प्रयत्न केला, आणि त्यातच जुना प्लेअर कायमचा बंद पडला. मग मी ठरवलं, एका वेळी पाच सीड्या मावतात तो चेंजर आणायचा. सकाळी भरून जायचं, संध्याकाळपर्यंत घर गात राहील.

किती गुणाची मुलगी, नाही?

काय हवं, काय नको, सगळं लिहून काढलं. फिरत्या ट्रेचा हवा, सीड्या भरलेला डबा आत सरकवायचा असतो तसला नको — तो अडकतो. बटणं बोटाला कळली पाहिजेत. लाइट जाऊन आली तर मुकाट्यानं पुन्हा सुरू व्हायला हवा, कारण आमच्याकडे लाइट जातेच. अशा कामात मला सुख वाटतं. अजूनही वाटतं.

पण मी टाळते आहे. वैशालीबद्दल सांगायला हवं.

वैशाली माझी धाकटी बहीण. नागपूरला शिकायला गेली आणि तिथंच लग्न करून मोकळी झाली. मुलगा दुसऱ्या जातीचा, याचं बाबांना काही नव्हतं. जयंतीच्या भाषणात ते स्वतःच अशा लग्नांची बाजू घ्यायचे. त्यांना लागलं ते इतकंच, की साऱ्या गावाला कळल्यावर त्यांना कळलं. बोलणं बंद झालं. तिचा फोन यायचा तो मला; बाबा उठून अंगणात जायचे. आणि तरीही जेवताना विषय तिचाच. वैशूचा गळा. वैशूनं जयंतीला म्हटलेलं गाणं. डोळ्यांत औषध मी घालायचे, दवाखान्यात मी न्यायचे, आणि औषधाचा थेंब गालावर ओघळत असताना ते सांगायचे, वैशूचा सूर कसा लागायचा. मला ते कारभारीण म्हणायचे. कौतुकानंच म्हणायचे. पण कारभारणीची आठवण कोण काढत बसतं?

त्याच उन्हाळ्यात वैशालीनं एक सीडी पाठवली. बाबांनी शिकवलेली गाणी तिनं स्वतः म्हणून भरली होती. मला फोनवर म्हणाली, ऐकून वाटलं तर बाबाच फोन करतील; आता मी होऊन काही म्हणणार नाही. बाबांनी ती डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग रोज एकच प्रश्न. "चेंजर कधी आणून राहिली?"

गोंदियाच्या दुकानात दोनच चेंजर होते. मी पर्समधून वैशालीची सीडी काढली, चालवून बघायला. नव्या चेंजरनं ती घेतली. क्षणभर खरखर, मग तिचा आवाज — "बाबा, मी आहो. रागवा, पन पुरं ऐका." आणि गाणं. दुकानात मिक्सर बघणारी बाई वळून उभी राहिली. दुकानदारानं हातातलं काम थांबवलं. कौन गा रही है, म्हणाला, गले में मिठास है. मी बटण दाबून गाणं बंद केलं.

दुसरा चेंजर जुन्या बनावटीचा, जाडजूड, मोठ्या बटणांचा. मी त्याच्यावर हात ठेवला तेव्हा दुकानदारानं स्पष्ट सांगितलं, "मैडम, इसमें घर की भरी हुई सीडी नहीं चलेगी. सिर्फ कंपनी की."

"चलेगा," मी म्हटलं. "बाबांना मोठी बटणं लागतात."

ऐकायला कसं चोख वाटतं! वर्षानुवर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण नव्या चेंजरची बटणं इतकी काही बारीक नव्हती. मी डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं होतं. मला माहीत होतं.

घरी जोडणी केली. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून समोर बसले. आधी वैशूची लाव म्हणाले. ट्रे फिरला, आत घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग ट्रे आपोआप पुढच्या सीडीवर गेला आणि कव्वाली सुरू झाली.

"काऊन नाही वाजून राहिली?"

त्या क्षणी बोलता आलं असतं. हे यंत्र ती वाचत नाही, एवढंच. शाळेच्या कॉम्प्युटरवर ती वाजली असती. दुकानात जाऊन चेंजर बदलून आणता आला असता. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी उगाच वायर चाचपली — आणि मग तेच म्हणाले, "कोरीच पाठवली काय तिनं? मले चिडवाले?"

मी म्हटलं, "हो बाबा. कोरी आहे."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी शेजारी विचारलं असतं. पण कारभारीण सांगते म्हणजे तसंच. त्यांनी कव्वाली बंद करायला लावली. त्या दिवसापासून जेवताना वैशूचं नाव निघालं नाही. मला हेच हवं होतं ना? मिळालं. आम्ही दोघं समोरासमोर बसून मुकाट्यानं भात खायचो.

वैशालीचा फोन आला. ऐकली का, विचारलं. मी म्हटलं, ऐकली. काय म्हणाले? काही नाही म्हणाले. तिनं फोन ठेवला. खरं सांगायला हवं — मला तेव्हा वाईट वाटलं नाही.

पुढच्या थंडीत बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला वैशाली आली, उंबऱ्याशी बसली, रडली नाही. पुन्हा एकदा विचारलं, खरंच ऐकली होती? मी म्हटलं, पुरी ऐकली. तेव्हा ती म्हणाली, "मंग बुढा दगडच होता." आलेल्या बायका तिच्याकडे रागानं बघत राहिल्या. तिला वाईट मुलगी म्हटलं गेलं, मला चांगली. मी पाहुण्यांच्या चहाचं बघायला आत गेले.

आता तिची मुलगी कॉलेजात जाते. गेल्या महिन्यात दोघी माझ्याकडे आल्या होत्या. जेवताना भिंतीवरच्या फोटोकडे बघून मुलीनं विचारलं, आजोबा कसे होते? वैशालीनं ताटातून मान वर न करता सांगितलं, मी गाऊन त्यांची माफी मागितली, त्यांनी पुरं ऐकलं आणि मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, असे होते. पोरीला ते खरं वाटेना. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, खरंच असे होते?"

मी तिच्या ताटात भात वाढला आणि म्हटलं, "हो. असेच होते."