पंतनगरातला रोमन जोडा

घाटकोपरच्या पंतनगरात राहणाऱ्या धोंडिराम ओव्हाळांच्या पायात चामड्याची चप्पल कधी कुणी पाहिली नाही. टेलिफोन खात्यातली सगळी नोकरी त्यांनी कॅनव्हासच्या बुटांत काढली. कमरेचा पट्टा कापडी, पाकीटही कापडी. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात मेलेली जनावरं ओढणं आणि सोलणं हे काम त्यांच्या वडिलांच्या वाट्याला आलेलं होतं. बाबासाहेबांचं ऐकून वडिलांनी ते एका दिवसात सोडलं, तेव्हा गावानं दुकानातलं मीठसुद्धा त्यांना बंद केलं. घरानं उपास काढले, पण वडील पुन्हा कातड्याजवळ गेले नाहीत. पुढे मुंबईत स्वतःचं घर झाल्यावर धोंडिरामांनी नियमच केला: या उंबऱ्याच्या आत कातडं येणार नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी आपण सम्यककडे, म्हणजे मुलाकडे, नागपूरला निघून जाऊ.

आणि त्यांच्याच मुलीला, मीराला, चाळिशीत रोमन जोड्यांचं वेड लागलं.

मीरा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत गंधालीच्या कारखान्यात काम करते. तिथे मालिका आणि जाहिरातींसाठी पोशाख नि पादत्राणं बनतात. एका जाहिरातीला रोमन शिपायांचे जोडे हवे होते. मीरानं रेक्झिनचे करून दिले आणि शूटिंग संपायच्या आत त्यांचे तळ सुटले. ते तिच्या मनाला लागलं. खरे जोडे कसे असत, म्हणून ती शोधत बसली. परदेशातल्या जुन्या विहिरींत, ओल्या चिकणमातीत हवा न लागल्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीची कातडी टिकून राहिली आहेत. त्यांची छायाचित्रं तिला सापडली. त्यातल्या एका जोड्यापाशी तिची नजर अडकली. त्याला वेगळा तळ नव्हता. एकाच सलग तुकड्याच्या कडांना फासे कापलेले, टाचेला एक शिवण, आणि फाशांतून वादी ओढली की कागदाची होडी व्हावी तसा तो उभा राहायचा. मीरानं ठरवलं, हा जोडा तेव्हा केला तसाच करायचा. ना मशीन, ना गोंद.

"इथे लोकांना कोल्हापुरी परवडेना, आणि तू रोमन काढ," गंधालीनं तिची टिंगल केली. पण एका कॉलेजात जुन्या काळच्या रोजच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं, लोकांनी वस्तू हातात घेऊन पाहाव्यात असं. तिथे जोडा द्यायचं तिनंच मीराच्या वतीनं कबूल करून टाकलं.

बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं मीरानं कोल्हापूरकडून मागवलं. रापीनं कापलं, आरीनं भोकं पाडली, टाच शिवली. असला जोडा साच्यावर चढवत नाहीत. तो ओलाच पायात घालायचा, वादी आवळायची आणि पायाचा आकार घेईपर्यंत चालत राहायचं. मग तो सावलीत हळूहळू वाळवायचा. मीरा कारखान्यात संध्याकाळभर चालली आणि जोडा तिथेच फळीवर ठेवून घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र्याखालच्या उष्म्यानं त्याचे फासे तडकले होते. सलग तुकड्याचा जोडा, ठिगळ लावायला जागा नाही. सगळाच वाया गेला.

आता कातडं उरलं होतं एकाच जोड्यापुरतं, आणि प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. सावली, गारवा आणि वारा मिळेल अशी जागा मीराला एकच माहीत होती: घरची गॅलरी.

रविवारी सकाळी नवा शिवलेला ओला जोडा बादलीत घालून, वर ओलं फडकं टाकून ती आली. धोंडिरामांनी विचारलं, तेव्हा ती रेक्झिन म्हणाली. जोडा पायात घालून स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत तिनं फेऱ्या सुरू केल्या. थोड्या वेळानं धोंडिरामांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"रेक्झिनला हा वास येत नाही, मीरे. या वासात मी झोपलेलो आहे."

ते ओरडले नाहीत. स्टूल घेतलं आणि माळ्यावरची बॅग काढायला लागले. मीरा त्यांच्या मागोमाग फिरत राहिली. फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे उठत होते.

"आधी ते काढ."

"आत्ता काढला तर आकार जाईल, पप्पा. दुसरं कातडं नाही माझ्याकडे, आणि प्रदर्शन आठवड्यावर आलंय."

"म्हणजे मी गेलो तरी चालेल."

"तुम्ही जायचं नाही, आणि मी काढायचा नाही."

"माझ्या बापानं भाकरीवर पाणी सोडलं, ते यासाठी?"

"आजोबांवर ते लादलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं," मीरा चालता चालता म्हणाली. "मला हे कुणी सांगितलेलं नाही. मी निवडलंय. तुमच्याशी खोटं बोलले, ते चुकलं माझं. जोडा चुकलेला नाही."

धोंडिराम अर्धी भरलेली बॅग दाराशी ठेवून खुर्चीत बसले. मीरानं फेऱ्या थांबवल्या नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "प्रदर्शनात मांडाल, तेव्हा पाटीवर नाव कुणाचं?"

"गंधालीच्या कारखान्याचं."

"विहिरीची मोट आमच्या हातच्या कातड्याची असायची. हलगीही. नाव कुणाचं नसायचं, सगळं गावाचं. मग बदललं काय?"

मीरानं फोन उचलला आणि चालता चालताच गंधालीला सांगितलं, की पाटीवर माझं नाव हवं. गंधाली वैतागली. पाट्या छापून झाल्या होत्या, आणि कामं कारखान्याच्या नावावर मिळतात हे मीरालाही ठाऊक होतं. मग टेबल रिकामं मांड, मीरा म्हणाली. शेवटी गंधाली म्हणाली, "बरं बाई, दोन्ही नावं टाकते. एवढीशी पाटी, नि तुझा हट्ट बघ."

धोंडिरामांचं त्यानं समाधान झालं नाही. पाटी काय, उद्या हरवेल, ते म्हणाले. जुन्या काही जोड्यांच्या तळव्यांवर करणाऱ्याच्या नावाचा ठसा असे, हे मीरानं वाचलेलं होतं. संध्याकाळपर्यंत जोड्यानं आकार धरला. तिनं तो अलगद काढला, आत लाकडाचा ठोकळा सरकवला, आणि बोथट दाभणानं ओलसर तळव्यावर दाबून 'मीरा' असं लिहिलं. मग तिचा हात थांबला.

"पुढे तुमचं नाव येतं, पप्पा. कातड्यावर."

धोंडिराम खुर्चीतून उठले. गॅलरीच्या दाराशी येऊन ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले. जोड्याला हात लावायचा नाही, हे त्यांचं अजून ठरलेलंच होतं. खाली कुणाची तरी रिक्षा हॉर्न वाजवत होती. मीरा दाभण धरून बसून राहिली.

"बापाचं नाव गाळून मुलीचं नाव लिहायची आपल्यात रीत नाही," ते म्हणाले. "लिही. आडनावही लिही, लोकांना वाचू दे. आणि अक्षर नीट काढ."

तिनं नीट काढलं. धोंडिरामांनी वाकून, हात पाठीमागेच ठेवून, सगळं नाव वाचलं.

"आणि दुसऱ्या पायाचं?"

"एकावर पुरे की, पप्पा."

"चालताना दोन्ही पाय उचलतो माणूस. दोन्हींवर काढ."

मीरानं दुसरा तळवा फडक्यानं पुन्हा ओला केला.